टिपणीसांचा जगण्याचा प्रयत्न

आपला आता कोणाला काही उपयोग उरलेला नाही, ही गोष्ट माणसाला हळूहळू कळत जाते. कमळाकर टिपणीसांना मात्र ती चाळीस मिनिटांत कळली, आणि तीही पहिल्या नि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये.

झालं असं, की नवीन पनवेलातल्या त्यांच्या अबोली सोसायटीची लिफ्ट बंद पडली. आत तिघं होती. एक टिपणीस, दुसरा सोसायटीचा सेक्रेटरी शैलेश आणि चौथ्या मजल्यावरच्या पंचाहत्तर वर्षांच्या सुमतीकाकू. शैलेशने फोन काढून लिफ्टवाल्याला झापायला सुरुवात केली. काकूंनी रामरक्षा सुरू केली. टिपणीस छाती पुढे काढून म्हणाले, "घाबरू नका, मी आहे." तसं कोणी घाबरलेलं नव्हतं. काकूंनी रामरक्षा मध्येच थांबवली आणि म्हणाल्या, "कमळाकर, तू जरा कोपऱ्यात सरक बघू. हवा अडतेय."

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला माणूस. ज्याच्या शेऱ्याशिवाय तालुक्यात गटारावर झाकण बसत नसे, त्याचं निवृत्तीनंतर सात महिन्यांत हे झालं! हवा अडवण्यापुरतं अस्तित्व. घरातही वेगळं काही नव्हतं. बायकोने, म्हणजे सुनीतावहिनींनी, त्यांच्याकडे एकच खातं सोपवलं होतं, टाकी भरली की नळ बंद करणे, आणि त्यातही दोनदा चौकशी लागली होती.

त्याच आठवड्यात टीव्हीवर तो गोरा साहेब दिसला. दर मंगळवारी त्याला हेलिकॉप्टरमधून कुठल्या तरी जंगलात टाकून देत, आणि दर मंगळवारी तो जिवंत परत येई. पहिल्या दिवशी त्याने झाडाच्या सालीखालची एक गलेलठ्ठ अळी काढून कचकन खाल्ली. टिपणीस त्या वेळी सोड्याची खिचडी खात होते. त्यांचा घास तोंडातच राहिला, पण नजर हलेना. सुनीतावहिनी म्हणाल्या, "चॅनल बदला, नाहीतर ताट घेऊन बाल्कनीत जा." टिपणीस ताट घेऊन बाल्कनीत गेले आणि काचेतून उरलेला कार्यक्रम बघितला. हा माणूस लिफ्टमध्ये असता तर त्याला कोणी कोपऱ्यात सरक म्हणालं असतं का? काय बिशाद!

बस, ठरलं. संकटात उपयोगी पडणारा माणूस व्हायचं. संकट कधीही येऊ शकतं. आणि ते येईल तेव्हा सोसायटीतली समस्त मंडळी वळून विचारतील, टिपणीस कुठे आहेत?

टीव्हीला पुस्तकाची जोड हवी म्हणून त्यांनी रद्दीवाल्याकडून एक पुस्तक पैदा केलं. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली सोळा पानं नव्हती, त्यामुळे नाव नि लेखक दोन्ही अज्ञात. सतराव्या पानावर ते "म्हणून अस्वलाने पाठ फिरवेपर्यंत हलू नये" असं एकदम सुरू होई. कुठल्याशा परदेशी पुस्तकाचं ते भाषांतर होतं. बर्फाची गुहा कशी खणावी यावर चाळीस पानं होती, त्यांचा पनवेलात उपयोग नव्हता. पण भाषांतरकाराची एक लकब टिपणीसांना फार आवडली. तो माणूस या सगळ्या विद्येला 'जगणे' म्हणत असे. 'जगण्याचा प्रयत्न करणाऱ्याने प्रथम पाणी शोधावे.' 'जगणाऱ्याने धीर सोडू नये.' टिपणीसांनी तो शब्द उचलला आणि नवी वही घातली. पहिल्या पानावर लिहिलं, विषय : जगणे. संदर्भ : मंगळवारचा कार्यक्रम. त्याच्या शेवटी, जुन्या सवयीने, 'सादर' असंही लिहिलं.

पाण्याचा प्रयोग सोसायटीच्या बागेत झाला. हातभर खड्डा खणायचा, त्यात ओला पाला आणि वाटी ठेवायची, वर प्लास्टिक ताणायचं. उन्हाने वाफ होऊन वाटीत पाणी जमतं. पाच तासांत टिपणीसांना दोन चमचे पाणी मिळालं. सोसायटीला मात्र पाणी मिळालं नाही, कारण खणताना पाइपला कुदळ लागली होती. लगेच फलकावर सूचना लागली : 'सभासदांनी बागेत वैयक्तिक पाणीपुरवठा योजना राबवू नये. हुकुमावरून.' खाली शैलेशची सही. टिपणीसांना सूचनेचा राग आला नाही, 'हुकुमावरून' या शब्दाचा आला. कोणाच्या हुकुमावरून ते लिहायला नको? मसुदा कसा करतात हेसुद्धा या पोरांना ठाऊक नाही.

पुढचा धडा विस्तवाचा. काडीपेटीशिवाय, लायटरशिवाय, लाकडावर लाकूड घासून. एक फळी, एक दांडा आणि दांडा गरगरा फिरवायला एक धनुकली. फळी जुन्या पाटाची निघाली. दांडा मच्छरदाणीचा निघाला. धनुकलीला मजबूत दोरी हवी होती, ती पायजम्याच्या नाडीची झाली. आता नाडी धनुकलीला गेल्यावर पायजम्याचं काय व्हायचं? म्हणून टिपणीस गच्चीवर पंचा नेसून बसत, आणि उकडतं म्हणून उघडेच बसत. दोन दिवसांत मच्छरदाणीचा दांडा गुळगुळीत झाला आणि टिपणीसांच्या हाताला फोड आले. धनुकली दमली की ते पुस्तकातल्या दुसऱ्या पद्धतीने दांडा दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखा घुसळत. मग ते फोडही फुटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमतीकाकू चादर वाळत घालायला गच्चीवर आल्या. बघतात तो पूर्वेकडे तोंड करून, उघड्या अंगाने, पंचा नेसलेले टिपणीस घामाघूम होऊन लाकडावर लाकूड घासताहेत. काकूंचं माहेर याज्ञिकाचं. यज्ञातला अग्नी असाच मंथन करून काढतात हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. जिवावर बेतल्याशिवाय कोणी असा होम मांडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

"कमळाकर, अरे हे काय आरंभलंयस?"

"जगण्याचा प्रयत्न करतोय काकू," टिपणीस धापा टाकत म्हणाले.

काकूंच्या हातातला चादरीचा पिळा हातातच राहिला. "इतक्यावर आलंय?"

"मग! आता नाही करायचा तर कधी?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टरांकडे टिपणीस आदल्याच दिवशी गेले होते. उकिडवं बसून बसून गुडघा धरला होता. "डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, आहे तितकं सांभाळून वापरा."

"आणि सुनीताला हे...?"

"तिला अजून गांभीर्य कळलेलं नाही काकू. ती हसते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "किती दिवस म्हणायचे मग?"

टिपणीसांनी मनाशी बेत केलाच होता. रविवारी सोळा तारखेला पनवेलजवळच्या नेरे गावाकडच्या रानात एक दिवस जाऊन, विकतचं काही न वापरता, ही विद्या करून दाखवायची. ते म्हणाले, "सोळा तारीख. रविवार आहे. सोळाला काय तो निकाल."

काकू चादर तशीच ओली घेऊन खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत सोसायटीत काय झालं ते टिपणीसांना कळलं नाही, पण फरक जाणवला. लिफ्टपाशी गेले तर आतली चौघं बाहेर आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आधी." बागेच्या खड्ड्यावरची सूचना फलकावरून नाहीशी झाली होती. शैलेशने स्वतः घरी येऊन गच्चीची किल्लीच हातात दिली. "काका, हवी तेवढी आग लावा. कोणी काही बोललं तर माझं नाव सांगा." दुसऱ्या दिवशी कोणी सफरचंदं आणली, कोणी कुठल्याशा देवळाचा अंगारा आणला. टिपणीसांनी अंगारा कपाळाला लावला आणि सफरचंद खात वहीत लिहिलं, 'लोकांस या विषयाचे महत्त्व पटू लागले आहे.' सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रात्री शांत झोप लागली.

बरं, सुनीतावहिनींना तरी संशय यावा की नाही? पण काकूंनी सगळ्यांना शपथ घातली होती, की त्या बिचारीला आपल्या तोंडून काही कळता कामा नये. स्वतः काकूंनी मात्र भाजी मार्केटात वहिनींचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "सुनीता, धीर धर हो."

"धरतेच आहे काकू," वहिनी उसासा सोडून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे नाडी नसलेले तीन पायजमे होते. "सोळा तारखेला एकदाचं संपलं की सुटले बघा."

काकूंना त्या दिवशी मार्केटात भोवळ यायचीच बाकी राहिली.

इकडे टिपणीसांना परवानगीची चिंता लागली होती. रानात विस्तव करायचा तर रीतसर अर्ज हवा. दुसरा कोणी असता तर गुपचूप गेला असता, पण एकतीस वर्षं लोकांना अर्ज लिहायला लावलेला माणूस विनाअर्ज कसा जाईल? ते एका सरकारी कार्यालयात गेले. फॉर्मवर रकाना होता, 'सोबत नेण्यात येणारी ज्वालाग्राही साधने'. टिपणीसांनी ऐटीत लिहिलं, 'निरंक'.

तिथल्या कारकुनाने चष्मा वर केला. "निरंक? मग विस्तव पेटवणार कशाने?"

"लाकडाने."

"आणि लाकूड कशाने पेटवणार?"

"लाकडानेच."

कारकुनाने थोडा विचार केला. "साधन नाही म्हणजे विस्तव होणार नाही. जो विस्तव होणार नाही त्याला परवानगी देता येत नाही. आधी विस्तव करून दाखवा, मग अर्ज करा."

"पण परवानगीशिवाय विस्तव केला तर?"

"तर कारवाई होईल."

टिपणीस बाहेर आले ते जवळजवळ गहिवरून. इतकं नितळ उत्तर त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांनाही सुचलं नसतं.

शेवटी प्रश्न सुटला तो भाजीवाल्या गुणाबाईमुळे. ती नेऱ्याहून रोज माळव्याची पाटी घेऊन पनवेलला येई आणि सुनीतावहिनींचं तिच्याकडे पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. ती म्हणाली, "माजी वाडी हाय ना डोंगराखाली! माजे वाडीन इस्तू पेटवायला कोनाची परवानगी? खुशाल या तुमी." मग जरा थांबून म्हणाली, "पन काडीपेटी नाय का तुमचेकडं? मी देतंय की."

सोळा तारखेला सकाळी सात वाजता टिपणीस खांद्याला पिशवी लावून, वहिनींना घेऊन खाली उतरले. बघतात तर फाटकात मिनीबस उभी आणि बसमध्ये सोसायटीतली तेवीस माणसं. रविवारची झोप सोडून आलेली! बसच्या पुढच्या काचेखाली शैलेशने फ्लेक्स लावला होता. पनवेलात फ्लेक्सशिवाय पान हलत नाही हे खरं, पण या फ्लेक्सवर मधोमध टिपणीसांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'काकांची इच्छा, आमची जबाबदारी'. फोटो तेवढा कृष्णधवल होता. टिपणीसांचे डोळे भरून आले. ते वहिनींच्या कानात म्हणाले, "बघितलंस? आणि तू हसत होतीस."  वहिनी फोटोकडे बघत होत्या, आणि त्यांना तो का खटकतोय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

गुणाबाईच्या वाडीत चिंचेखाली सतरंज्या पसरल्या. टिपणीस मध्ये बसले. फळी, दांडा, धनुकली, नाडी. तेवीस माणसं श्वास रोखून बघत होती. इतक्या लोकांनी आपल्याकडे एकाच वेळी बघण्याची टिपणीसांच्या आयुष्यातली ही दुसरी वेळ, पहिली लग्नात. ते घासू लागले. अर्धा तास गेला, तास गेला. धूर यायचा आणि जायचा. कोणी हलेना, कोणी घड्याळ बघेना. मध्येच टिपणीस पुस्तकात काहीतरी बघायला वळले, आणि पुन्हा फळीकडे वळून त्यांनी जोर केला मात्र, भप्पकन हातभर जाळ उठला!

"पेटला! काका, जिंकलात!" शैलेश ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींना तर हुंदके आवरेनात. टिपणीसांच्या भुवया जळून गेल्या होत्या, पण त्या क्षणी भुवया कोणाला हव्या होत्या? ते उठून उभे राहिले. आपण कोणीतरी आहोत, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

इथे थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण यश माणसाला थांबू देत नाही. टिपणीस म्हणाले, "आता अन्न." कुंपणावरच्या वेलीला शेंगांचे घोस लटकत होते. मखमलीसारखी सोनेरी लव असलेल्या, गुबगुबीत, देखण्या शेंगा. टिपणीसांनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, "अनोळखी वनस्पती प्रथम कोपराच्या आतील बाजूस चोळावी. पंधरा मिनिटांनी ओठांस लावावी. अपाय न झाल्यास खावी." मग तेवीस माणसांकडे हसून बघत त्यांनी मूठभर शेंगा कोपरावर चोळल्या, आणि आता पंधरा मिनिटं मंडळींना कशाला ताटकळत ठेवायचं म्हणून ओठांनाही लावल्या. वर त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला.

विहिरीवरून कळशी घेऊन येणाऱ्या गुणाबाईने ते पाहिलं आणि कळशी टाकून धावली. "अरं बाबा, हात नको लावू! खाजकुयली हाय ती!"

उशीर झाला होता. खाजकुयली काय चीज आहे हे ज्याला तिची लव लागली त्यालाच ठाऊक. टिपणीस आधी जागच्या जागी उडाले, मग चिंचेभोवती धावले, मग सतरंजीवर पडून लोळू लागले. तोंड क्षणात भोपळ्याएवढं झालं. शब्द फुटेना, नुसतं "उं, उं" येत होतं. हे बघून सुमतीकाकूंनी टाहो फोडला, "आली रे वेळ! बरोबर सोळा तारीख!" आणि पिशवीतून गंगाजलाचा गडू काढला. दोघांनी टिपणीसांचे पाय धरले, शैलेशने डोकं मांडीवर घेतलं, काकूंनी तुळशीचं पान ठेवून गंगाजल तोंडात सोडलं.

"शांतपणे जा रे बाळा," काकू रडत म्हणाल्या. "कसली काळजी करू नकोस. सुनीताला आम्ही आहोत."

सुजलेल्या ओठांतून टिपणीस कसेबसे म्हणाले, "कुठं जाऊ?"

"अहो, काय चाललंय हे?" वहिनी किंचाळल्या. "त्यांना खाज सुटलीय! खाज! त्याला गंगाजल कशाला?"

"सुनीता, आता लपवून काय उपयोग? डॉक्टरांनी हात टेकलेत त्याच्यापुढे."

"गुडघ्यापुढे!" टिपणीस ओरडले. "गुडघ्यापुढे टेकलेत!"

 गुणाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने ओंजळभर ताजं शेण आणून टिपणीसांच्या तोंडाला आणि हातांना थापलं, कारण खाजकुयलीवर तोच उतारा. शेण थापल्याचा तेवढा आवाज येत होता. मग एकेकाच्या तोंडून एकेक गोष्ट बाहेर आली. गच्चीवरचं बोलणं, सफरचंदं, अंगारा, कृष्णधवल फोटो. शैलेश खाली मान घालून म्हणाला, "आणि काका, तो जाळ... बाटलीभर पेट्रोल आणलं होतं मी बाइकमधलं. तुम्ही वळलात तेव्हा थोडं ओतलं. म्हटलं, शेवटची इच्छा आहे, अपुरी नको राहायला."

शेण थापलेल्या तोंडाने टिपणीस तिथेच बसून राहिले. खाजेपेक्षा हे जास्त झोंबलं. आठवडाभर मिळालेला सगळा मान मरणाऱ्या माणसाचा होता, टिपणीसांचा नव्हताच. त्यांना रडू आलं, आणि शेणामुळे ते कोणाला दिसलं नाही एवढंच बरं.

 दुसऱ्या दिवसापासून सोसायटी फुरंगटली. आता तुम्हीच सांगा, एखादा माणूस मरत नाही म्हणून त्याच्यावर रागवायचं काही कारण आहे? पण लोकांचंही खरं होतं. त्यांनी मनापासून दुःख केलं होतं, ते फुकट गेलं. "रविवार घालवला आमचा" असं कोणी जिन्यात ऐकू येईल असं बोललं. सर्वांत जास्त चिडल्या होत्या सुमतीकाकू. त्यांनी नवस बोलला होता, कमळाकर सोळा तारखेतून तरला तर वर्षभर चहाला शिवणार नाही. आता तो तरला होता! धडधाकट होता! दिवसाला सहा कप घेणाऱ्या काकू चौथ्या मजल्यावर कपाळाला सुंठ लावून बसल्या होत्या, आणि टिपणीस दिसले की तोंड फिरवत.

टिपणीसांनी बाहेर पडणंच सोडलं. पण नोव्हेंबर महिना पेन्शनरला घरात बसू देत नाही. या महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. तीस तारखेला रविवार, म्हणजे शनिवार एकोणतीस ही शेवटची. शुक्रवारी टिपणीस बँकेत जाऊन रांगेत उभे राहिले. टेबलावरच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. दुसरा अंगठा ठेवला, पुन्हा तांबडा. उरलेली आठही बोटं झाली. मच्छरदाणीच्या दांड्याने एकाही बोटावर रेघ शिल्लक ठेवली नव्हती.

"चेहरा घेऊन बघू," बँकेतली मुलगी म्हणाली. तिने मोबाइल तोंडापुढे धरला. भुवया नाहीत, ओठ अजून सुजलेले, गालावर ओरखडे. मोबाइलनेही नकार दिला.

"काका, सिस्टीमप्रमाणे हे तुम्ही नाही आहात."

"अहो, पण मी समोर उभा आहे."

"ते मला दिसतंय हो, सिस्टीमला दिसत नाही," ती अगदी सौजन्याने म्हणाली. "तुम्ही असं करा, सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव आणा. सदर इसम आमचे सभासद असून हयात आहेत, असा. साहेब त्यावर करून देतील. उद्या एकपर्यंत आणा मात्र."

झालं! ज्या सोसायटीला आपण मेलो नाही याचा राग आलाय, तिच्याकडेच आपण जिवंत असल्याचा दाखला मागायचा. टिपणीस शैलेशपुढे उभे राहिले. शैलेश तसा मनाचा वाईट नव्हता, पण त्याने हात जोडले. "काका, मी एकटा नाही देऊ शकत. तुमच्या बाबतीत सोसायटी एकदा तोंडघशी पडलीय. आता तुमच्याबद्दल काहीही लेखी द्यायचं म्हणजे कमिटीचा ठराव हवा, आणि सातपैकी चार मतं हवीत."

संध्याकाळी सात वाजता सोसायटीच्या ऑफिसात तातडीची सभा भरली. सातपैकी दोघं गावाला गेलेली, पाच हजर. टिपणीस दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. वहिनी त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. शैलेशने विषय वाचला, "श्री. टिपणीस हे हयात असल्याबाबत निर्णय घेणे."

"आजार नसल्याचा काही कागद आहे का?" एका सभासदाने विचारलं. त्यानेच त्या दिवशी टिपणीसांचे पाय धरले होते आणि त्याला लाथ बसली होती.

"अहो, आजाराचा नाही, हयातीचा विषय आहे," शैलेश म्हणाला.

"तेच ते. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी खात्री करून घेतली होती की जाणार. आता पुन्हा नुसत्या सांगण्यावरून लिहून द्यायचं?"

टिपणीस उठले. बोलायचं त्यांनी पाठ करून आणलं होतं, नियम आणि दाखले यांच्यासह. ते सगळं विसरले. म्हणाले, "मला फक्त कुणाच्या तरी उपयोगी पडायचं होतं. एवढंच होतं हो. कोणाला रडवायचं नव्हतं." आणि खाली बसले.

शैलेशने मतं घेतली. स्वतःचा हात वर केला. आणखी दोन हात वर आले. लाथ बसलेला माणूस छताकडे बघत राहिला. तीन झाली, चौथं राहिलं. ज्येष्ठ महिला प्रतिनिधी म्हणून सुमतीकाकू कोपऱ्यात बसल्या होत्या. कपाळावर सुंठ, हात मांडीवर. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पोऱ्याने सभेसाठी चहा आणून ठेवला होता. त्याची वाफ काकूंच्या नाकाशी जात होती, आणि त्यांच्यापुढे ठेवलेला कप त्यांनी बोटाने दूर सारला.

"काकू?" शैलेश हळूच म्हणाला. "तटस्थ लिहू का?"

"तटस्थ?" काकू कडाडल्या. "अरे, हा मेला असता तर मी आत्ता चहा पीत बसले असते! बारा दिवस घोट नाही घशाखाली. याच्यापेक्षा जास्त पुरावा काय हवाय तुम्हांला? लिही, आहे म्हणून. चांगला ठणठणीत आहे."

शैलेश लिहू लागला. टिपणीस खुर्चीवरून उठले आणि वाकून त्यांनी काकूंच्या पायाला हात लावला.  आपण जगावं म्हणून कोणीतरी चहा सोडला होता, आणि तेही त्यांच्या अंगात काही विद्या आहे म्हणून नव्हे. काकूंनी त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली आणि भुवया नव्हत्या तिथे अंगठा फिरवून बघितला.

"शंभर वर्षं जग मेल्या," काकू म्हणाल्या. "पण आता स्वस्थ बसून जग."